सोलापूरला कुठून बघतात?

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दिवाळी, मग आळस. पण गेल्या आठवड्यात पुण्याहून दादाचा फोन आला आणि बोलता बोलता तो म्हणाला, "पोरं आली की परत त्या नळदुर्गाला नेऊ नकोस रे बाबा, जरा चांगलं काहीतरी दाखव." फोन ठेवला आणि डोक्यात जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. दादा हा ब्लॉग वाचतो. तेव्हा हे त्याच्यासाठी, आणि बाकी मंडळींनीही वाचायला हरकत नाही.

सुरुवात नातीपासून करतो. ती ड्रेस्डेनला असते. चिरंजीव तिथे चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. (बटाट्याचे नाहीत हो, कॉम्प्युटरचे. हा विनोद माझ्या घरी बंदी घातलेला आहे, म्हणून इथे.) जून २०२२ मध्ये आम्ही दोघं पहिल्यांदा तिकडे गेलो, तेव्हा ती सात वर्षांची होती. मराठी छान बोलते, पण शब्द जर्मनच्या रांगेत लावते. एका संध्याकाळी तिने मला विचारलं, "आजोबा, तुमच्या सोलापूरला कुठून बघतात?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तिने समजावलं. त्यांच्याकडे फिरायला गेलं की प्रत्येक गावाबाहेर एक ठरलेली जागा असते, पाटी असते, बाक असतो, तिथे उभं राहून बघतात. तशी तुमची कुठे आहे? मी पटकन म्हणालो, "आमचं सगळं सपाट आहे गं, बघण्यासारखं काही नाही." ती "बरं" म्हणाली आणि खेळायला गेली. मुलं असंच करतात. आपण जे सांगू ते खरं मानून खेळायला जातात. मी मात्र रात्री बराच वेळ जागा होतो. साठ-पासष्ट वर्षं ज्या मुलखात काढली त्याचं वर्णन मी एका वाक्यात करून टाकलं होतं, आणि तेही खोटं!

दुसऱ्या रविवारी ते आम्हाला अशाच एका बघायच्या जागी घेऊन गेले. जागेचं नाव बास्टाय. त्या उन्हाळ्यात जर्मनीत तीन महिने नऊ युरोत महिनाभर कुठल्याही लोकल गाडीने फिरायची सोय होती, त्यामुळे गाडीला गर्दी ही अशी! मला अगदी सोलापूर-कुर्डुवाडी पॅसेंजरची आठवण झाली, फक्त शेंगदाणेवाला नव्हता. अर्ध्या-पाऊण तासात राटेन नावाचं गाव येतं. स्टेशन एल्ब नदीच्या एका काठाला, गाव दुसऱ्या काठाला. मध्ये नाव. आणि ही नाव बघाच तुम्ही कधी. तिला इंजिन नाही. नदीत वर कुठेतरी बांधलेल्या लांब दोराला ती टांगलेली आहे, आणि नावाडी ती थोडी तिरपी करतो की प्रवाहाच्या रेट्यानेच ती या काठावरून त्या काठावर जाते. मी तिथे उतरल्यावर परत एकदा उगाच जाऊन आलो. सौ. नदीकाठी उभ्या राहून हसत होत्या.

मग पायऱ्या. आमच्या गुडघ्यांना पाऊण तास लागला. वर पोचल्यावर जे दिसतं ते खरंच थक्क करणारं आहे. वालुकाश्माचे उभे सुळके, त्यांच्यामधून १८५१ साली बांधलेला दगडी पूल, आणि खाली जवळजवळ दोनशे मीटरवर वळण घेत जाणारी नदी. समोर लिलियनश्टाइनचा डोंगर आणि क्योनिगश्टाइनचा किल्ला. हा किल्लाही नंतर पाहिला. त्यात साडेबावन्न वर शंभर मीटर खोल विहीर आहे, सोळाव्या शतकात खाणकामगारांनी दगड फोडून पाडलेली. सहा-सात वर्षं खपले म्हणे पाण्यासाठी. हे ऐकून मला त्या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली. पाण्यासाठी दगड फोडणारे लोक म्हणजे आपलेच की.

पण मला सांगायचं ते वेगळंच आहे. तीन गोष्टी.

पहिली, त्या भागाचं नाव. त्याला सॅक्सनीचं स्वित्झर्लंड म्हणतात. १७६६ च्या सुमारास आद्रियान झिंग आणि आंटोन ग्राफ हे दोन स्विस चित्रकार ड्रेस्डेनच्या कला अकादमीत शिकवायला आले. त्यांना हे डोंगर बघून घरची आठवण आली आणि ते त्याला स्वित्झर्लंड म्हणू लागले. तोवर तिथल्या लोकांच्या लेखी ते नुसते खडक होते, शेती न होणारे. म्हणजे तिथेही बाहेरचा माणूस यावा लागला! त्यानंतर चित्रकारांची रीघ लागली, ते ज्या वाटेने जात ती वाट आजही 'चित्रकारांची वाट' म्हणून जपलेली आहे.

दुसरी, 'बास्टाय' या शब्दाचा अर्थ. चिरंजीव सहज म्हणाले, "बाबा, बास्टाय म्हणजे बुरूज." बस्स. त्या शब्दाला मी तिथेच अडकलो. कारण बुरूज म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर एकच येतो, आणि तो एल्बच्या नव्हे, बोरी नदीच्या काठावर आहे.

तिसरी गोष्ट अशी की ज्या टोकावर उभं राहून लोकांनी दोनशे वर्षं ते दृश्य पाहिलं, ते नेमकं टोक आम्ही गेलो तेव्हा बंद होतं. खडक झिजून पोकळ झालाय म्हणून २०१६ पासून ते बंद केलेलं होतं. आम्ही जगाच्या या टोकावरून त्या टोकावर गेलो आणि समोर कुंपण. मी चरफडलो. पण आजूबाजूला बघतो तर कुणी कुंपणावरून उडी मारत नव्हतं. लोक बाजूच्या जागांवरून, पुलावरून बघत होते आणि डबे खात होते. सहा-सात वर्षं लोकांनी असंच बघितलं. २०२३ मध्ये तिथे नवा मंच उघडला. तो त्या झिजलेल्या टोकावर भार न टाकता मागच्या पक्क्या खडकाच्या आधाराने पुढे आणलेला आहे. चिरंजीवांनी फोटो पाठवला. मला दृश्यापेक्षा त्या सात वर्षांचंच कौतुक जास्त वाटतं.

आता बुरुजाबद्दल.

आमचे वडील गिरणीत होते, हे नातेवाइकांना माहीत आहे, ब्लॉगवाल्यांना सांगतो. सोलापूरच्या गिरणीतला माणूस सहलीला जात नसे. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर झालं, की संपलं. पण वडिलांची एक सहल होती. पावसाळ्यात कधीतरी, बहुतेक भाद्रपदाच्या आसपास, गिरणीच्या दारात बातमी यायची. नळदुर्गकडचा कुणी कामगार सांगायचा, "पाणी सुटलंय, जातोस काय बे?" की येत्या सुट्टीला वडील आम्हा दोघा भावांना घेऊन एसटी स्टँडवर. आई कधी आली नाही. तिला खाली बघितलं की गरगरायचं. ती दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून द्यायची.

नळदुर्ग सोलापूरपासून हैदराबादच्या रस्त्याला पन्नासेक किलोमीटर. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बहामनी काळापासूनचा किल्ला, मग आदिलशाहीत आला, पुढे मोगल, मग निजाम. बोरी नदीचं पाणी किल्ल्याला असं लपेटून घेतलंय की नदी हीच त्याची एक भिंत झाली आहे. पलीकडे रणमंडळ हा जोडकिल्ला. या दोन्हींच्या मध्ये नदीवर दगडी धरण, आणि त्या धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल! दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ सालचा. नदी भरली की धरणावरून दोन बाजूंनी पाणी खाली कोसळतं. हेच नर आणि मादी हे दोन धबधबे. आणि तुम्ही पायऱ्या उतरून भिंतीच्या आत महालात उभे असता, समोरच्या खिडकीबाहेर पाण्याचा पडदा, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि आत तुम्ही कोरडे. लहानपणी मला वाटायचं आपण नदीच्या पोटात बसलोय. अजूनही त्याहून बरा शब्द मला सापडलेला नाही.

तिथे एक फारसी लेख आहे. त्याचा आशय असा सांगतात की हा महाल बघून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल. म्हणजे बांधणाऱ्याच्या मनातसुद्धा 'बघणं' हेच होतं! नुसतं पाणी अडवायचं असतं तर भिंत पुरली असती. महाल कशाला? खिडक्या कशाला? चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवून बघायची जागा बांधली, तीही धरणाच्या पोटात, आणि मी नातीला सांगतो की आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही.

गंमत म्हणजे क्योनिगश्टाइनचा डोंगर तटबंदी घालून मोठा किल्ला करायचं काम १५८९ मध्ये सुरू झालं. विजापुरात तेव्हा हाच इब्राहिम गादीवर होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. दोघांच्याही कारागिरांची डोकेदुखी तीच, पाणी. तिकडे विहीर, इकडे धरण. आपल्या कारागिरांनी त्यातून महाल काढला, एवढा एक गुण मी आपल्याला जास्त देतो. :)

आणि किल्ल्याच्या मधोमध उपळी बुरूज. कुणी उपळ्या म्हणतं, कुणी उपली. किल्ल्यातली सगळ्यात उंच जागा. उंच उंच पायऱ्या, वर मोठ्या तोफा. वडील आम्हाला तोफेवर बसवायचे आणि हाताने दाखवायचे, ती नदी, ते रणमंडळ, तो तुळजापूरचा रस्ता, तिकडे आपलं सोलापूर. सोलापूर काही दिसायचं नाही. पण ते रोज दहा तास खाली मान घालून मागावर काम करणारे वडील तिथे कमरेवर हात ठेवून लांब बघत उभे राहायचे, ते मला दिसायचं. घरी ते असे कधीच उभे राहत नसत.

चिरंजीव मंडळी ऑगस्ट २०२३ मध्ये सुट्टीला आली. मी आधीच जाहीर केलं, नळदुर्गला जायचं. घरात जो गदारोळ झाला तो सांगण्यासारखा आहे. दादा म्हणाला महाबळेश्वर करा. वहिनी म्हणाल्या, पोर एवढ्या लांबून येते आणि पडके दगड काय दाखवता? सौ. म्हणाल्या, तुळजापूरला जाताना वाटेत बघू, वेळ उरला तर. (वेळ कधीच उरत नाही. आमच्या आळीतले निम्मे लोक वर्षानुवर्षं खंडोबाला जातात. हा खंडोबा वर्षातला काही काळ अणदूरला असतो आणि काही काळ नळदुर्गला. त्यातल्या कितीजणांनी किल्ल्यात पाऊल टाकलंय, मोजायला एक हात पुरेल.) मी हट्टाला पेटलो होतो. तो एक वाक्याचा खोटेपणा मला धुऊन काढायचा होता, पण हे कुणाला सांगणार?

आणि नेमका तो ऑगस्ट! आठवत असेल तुम्हाला. देशभरात शतकातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला तो. बोरीला पाणी नव्हतं. नर नाही, मादी नाही. पाणीमहालाच्या खिडकीतून खाली शेवाळलेले दगड आणि डबकं दिसत होतं. मी सगळ्या वाटेत नातीला पाण्याच्या पडद्याचं वर्णन करत आलो होतो, हातवारे करून. ती खिडकीशी उभी राहून म्हणाली, "आजोबा, पडदा कुठेय?"

मी गप्प. चिरंजीवांनी वेळ मारून नेली. तिला म्हणाले की आपल्या एल्बमध्येसुद्धा पाणी आटलं की ते दगड दिसतात ना, तसंच. तिकडे नदीत 'भुकेचे दगड' आहेत. दुष्काळात पाणी फार खाली गेलं की ते उघडे पडतात, आणि त्यांवर जुन्या लोकांनी दुष्काळाची सालं कोरून ठेवली आहेत. चेक हद्दीतल्या डेचीन गावाजवळच्या दगडावर १६१६ साल आहे. हा पाणीमहाल बांधून झाल्यावर तीनच वर्षांनी. मला हे माहीत नव्हतं. बापाला मुलाकडून काही कळलं की बरं वाटतं आणि थोडं वाईटही.

मग आम्ही उपळीवर चढलो. नात पुढे, मी मागे, सौ. खालीच छत्री धरून. वर वारा होता. ती तोफेला टेकून उभी राहिली आणि मी वडिलांसारखं दाखवायला लागलो. ती नदी, ते रणमंडळ. खाली नवबुरूज, पाकळ्यापाकळ्यांचा. पलीकडे सोयाबीन, तूर, पाण्यावाचून मान टाकलेली. आणि मग नुसती जमीन, थेट आभाळापर्यंत. मध्ये काही नाही. डोंगर नाही, झाडी नाही.

ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "इथून किती लांब दिसतं! आमच्याकडे मध्येच डोंगर येतो."

एवढंच. मोठी झाल्यावर तिला हे आठवणारही नाही. मला मात्र सपाट या शब्दाचा दुसरा अर्थ त्या दिवशी कळला.

आता एक कबुली. उतरताना भिंतींवर नावं दिसली. खिळ्याने कोरलेली, रंगाने रंगवलेली, बदाम, बाण, मोबाइल नंबर. नात देवनागरी हळूहळू वाचते, तिला गंमत वाटली. ती एकेक नाव मोठ्याने वाचायला लागली आणि मग तिने विचारलं, "ही कुणाची नावं? राजाची?" मी म्हणालो, नाही गं, येणारे लोक लिहितात. "का?" मला उत्तर देता आलं नाही. कारण साधारण १९७० साली मी स्वतः कंपासच्या टोकाने त्या किल्ल्यात माझं नाव कोरलेलं आहे. दादाचंही. दादा, आता नाही म्हणू नकोस! वडिलांना दिसलं तेव्हा त्यांनी दोघांनाही तिथेच एकेक ठेवून दिली होती आणि परतीच्या एसटीत ते एक शब्द बोलले नव्हते. मी त्या दिवशी ती जागा शोधत होतो, सापडू नये असं मनात म्हणत. सापडली नाही. तिला सांगितलं नाही. इथे सांगतो.

म्हणून कुणी 'आपले लोकच असे' वगैरे सुरू केलं की मी त्यात सामील होत नाही. आपले लोक म्हणजे मीच. बारा वर्षांच्या मला कुणी सांगितलं होतं की हा दगड महत्त्वाचा आहे? वडिलांनी, तेही थोबाडीत मारून. शाळेने चौथीत शिवाजी महाराजांचे किल्ले शिकवले, घरापासून पन्नास किलोमीटरवरचा किल्ला नाही शिकवला. ज्या गोष्टीबद्दल काही ऐकलेलं नसतं तिच्यावर माणूस नाव कोरतो. आपलं नाव तरी राहू दे म्हणून.

दादाचं म्हणणं असं की हे सगळं ठीक आहे, पण फार बोभाटा केलास तर गर्दी होईल, आणि गर्दी झाली की किल्ल्याची उरलीसुरली वाट लागेल. कुणाला माहीत नाही म्हणूनच ते टिकलंय. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. बास्टायवरही माणसांचा महापूर आहे, डोक्यावर हॉटेल आहे, फोटोसाठी रांग आहे. आणि नळदुर्गमध्येही गेल्या काही वर्षांत बाग, बोटी असं बरंच झालं. किल्ल्यात पूर्वी रान माजलेलं असायचं, पायवाट नसायची, ते साफ झालं हे चांगलंच. पण लोक बागेत बसून, बोटीत फिरून, धबधब्यासमोर फोटो काढून परत जातात, तो लेख काय म्हणतो हे विचारतही नाहीत, हेही मी पाहिलं आहे.

तरीसुद्धा दादाचं मला पटत नाही. न सांगितल्याने टिकतं, हे खरं असतं तर माळढोक टिकला असता. सोलापूरच्या उत्तरेला नान्नजचं माळढोक अभयारण्य. १९७९ साली झालं. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, एवढं की त्यात गावंच्या गावं, शेतं, बाजारपेठा सगळं आलं. लोकांना जमीन विकता येईना, बांधकाम करता येईना, आणि ज्या पक्ष्यापायी हे सगळं, तो पक्षी त्यांना कुणी प्रेमाने दाखवलेलाही नव्हता. मग त्याच्याबद्दल राग सोडून काय वाटणार? पुढे क्षेत्र कमी करून बाराशे-सव्वाबाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षी जवळजवळ संपलेच. मी १९८० च्या दशकात तिथे माळावर एकदा दोन माळढोक पाहिले आहेत, मित्राच्या राजदूतवर मागे बसून जाऊन. आता तिथे जाऊन गवत बघतो. काळवीट दिसतात, लांडगा नशिबात असेल तर. गवत बघायलाही छान असतं, हे मी खोटं बोलत नाही, पण ते दोन पक्षी मी माझ्या मुलाला दाखवले नाहीत. 'काय ठेवलंय तिथे' म्हणालो असेन त्यालाही.

आणि कुडलचं बघा. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल, भीमा आणि सीनेचा संगम. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. आपल्या सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो वाचला. आजवर सापडलेल्या सगळ्यात जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते. जवळच्या हरिहरेश्वराच्या देवळात एकाच पिंडीवर शेकडो लहान पिंडी कोरलेली मोठी पिंडी आहे, मातीखाली गाडली गेलेली, १९९९ साली बाहेर काढली. आपण मराठी मराठी म्हणून एवढा गळा काढतो, आणि ज्या दगडावर ती हजार वर्षांपूर्वी उमटली तो तासाभराच्या अंतरावर असून आपल्यापैकी कितीजण गेले? मी स्वतः निवृत्त झाल्यावर गेलो. बँकेत असताना त्या बाजूच्या खेड्यांत कर्जवसुलीला कितीदा गेलो असेन, संगमापर्यंत कधी उतरलो नाही.

लोक म्हणतात सरकारने करावं. करावंच, भिंती पडताहेत त्या उभ्या कराव्या, पाट्या लावाव्या. आणि माझी एक मागणी आहे, ती कुणाला आवडणार नाही. पाणी सुटल्यावर धबधब्याच्या काठाशी जाऊन फोटो काढणाऱ्यांना तिथवर जाऊच देऊ नये. लांब कठडा घालावा, दृश्य थोडं कमी दिसलं तरी चालेल. ओरडा होईल, होऊ दे. ज्यांचा खडक झिजला त्यांनी सात वर्षं टोक बंद ठेवलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. पण सरकारच्या आधी घरातलं एक काम आहे. झिंग आणि ग्राफ यांनी काही बांधलं नव्हतं. ते फक्त ड्रेस्डेनला परत येऊन सांगत सुटले. आपल्याकडेही असा एक बाहेरचा माणूस येऊन गेला. मेडोज टेलर, ठगांवर कादंबरी लिहिणारा. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा तो इथला अधिकारी म्हणून किल्ल्यात राहिला, आणि आपल्या आत्मचरित्रात त्याने नळदुर्गबद्दल भरभरून लिहिलं. पण ते इंग्रजीत, तिकडच्या लोकांसाठी. इकडे कोण सांगणार? पाहुणे आले की आपण त्यांना चादरी घेऊन देतो, शेंगाची चटणी बांधून देतो, सिद्धेश्वराचं दर्शन घडवतो आणि म्हणतो, बाकी आमच्याकडे ऊन आहे. हे वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलं असेल! विनोद म्हणून. समोरचा हसतो, आपणही हसतो, आणि शेजारी उभं असलेलं पोर ते खरं धरतं.

तेव्हा दादा, उत्तर असं आहे. पोरं पुन्हा येताहेत आणि मी त्यांना पुन्हा नळदुर्गलाच नेणार आहे. तू आणि वहिनीही या. महाबळेश्वर कुठे पळून जात नाही. तिथे पॉइंटना नावं द्यायला साहेब लोक होते, इथे आपणच आहोत.

गेल्या खेपेला परतताना नळदुर्गात एका टपरीवर चहा प्यायलो होतो. टपरीवाल्याला सगळी कथा सांगितली, पडदा दिसला नाही ही. तो म्हणाला, "आता काय हाय सायेब, पानी सुटल्यावर या की." मी म्हणालो, मला कसं कळणार? गिरणी तर राहिली नाही. त्याला गिरणीचं काही कळलं नसणार, पण त्याने माझा नंबर घेतला. मागच्या पावसाळ्यात खरंच फोन आला, रात्री साडेनऊला. मागे पाण्याचा आवाज येत होता. मी फोन स्पीकरवर टाकला आणि सौ. ना हाक मारली. ड्रेस्डेनला तेव्हा संध्याकाळ होती, म्हणून तिकडेही लावला, पण नात पोहायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही दोघंच गेलो. दशम्या आणि चटणी घेऊन. सौ. या वेळी उपळीवर चढल्या.